हेल्मेट वाकून घालून बघा

हेल्मेट घेताना आपण दुकानातल्या आरशासमोर ताठ उभे असतो. रोड बाईकवर मात्र अंग कंबरेतून वाकलेलं, कोपरं दुमडलेली, पाठ जवळजवळ आडवी आणि हात हँडलच्या खालच्या वळणावर, म्हणजे ड्रॉप्सवर. दुकानात अगदी मापात बसलेलं हेल्मेट पन्नास किलोमीटरनंतर नकोसं होतं, ते बरेचदा या फरकामुळे.

नागपूरच्या इतवारीतल्या सायकलस्वाराला तर एकाच फेरीत दोन्ही आसनं लागतात. शहीद चौकातून निघताना हातठेले, मालाचे ऑटो आणि मध्येच उभी राहिलेली गाय चुकवायची म्हणून तो ताठ बसतो. भंडारा रोड लागला, समोरून वारा आला, की वाकतो. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे हे वाकणं निव्वळ हौसेचं नसतं.

त्याची किंमत मान मोजते. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ताठ बसलं की हे वजन मणक्यांवर तोललेलं राहतं. वाकलं की ते पुढे जातं आणि मानेमागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. पाच किलो कणकेची थैली हात लांब करून धरावी तसं. त्यात समोरचा रस्ता दिसायला हवा म्हणून हनुवटीही वर उचलायची.

हा ताण कुठवर जाऊ शकतो ते ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’मध्ये दिसतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ही शर्यत पूर्ण केली आणि त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर धरणंच अशक्य झालं. या अवस्थेला तेव्हापासून ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. याच शर्मरने बेल या हेल्मेट कंपनीला थर्मोकोलच्या हेल्मेटच्या रचनेबाबत सल्ला दिला. त्याआधी शर्यतीतले सायकलस्वार कातडी पट्ट्यांच्या जाळीवर भागवत. मानेचं दुखणं आणि आजचं हेल्मेट, दोन्हींशी एकाच माणसाचं नाव जोडलं गेलं आहे.

गिऱ्हाईक आधी वजन विचारतं. अडीचशे ग्रॅमचं हेल्मेट म्हणजे डोक्याच्या वजनाचा जेमतेम विसावा भाग. त्यात तीस-चाळीस ग्रॅम कमी करायला हजारो रुपये मोजावेत असं मला वाटत नाही. खरा प्रश्न पुढच्या काठाचा आहे. वाकल्यावर आपण भुवयांखालून वर बघतो. काठ एक सेंटिमीटर खाली असला तरी नजरेचा कोन काही अंशांनी कापला जातो आणि तेवढे अंश मानेलाच भरून काढावे लागतात. ताशी ३० च्या वेगाने सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर सरतं. खड्डा वेळेत दिसायलाच हवा.

मग लोक हेल्मेट मागे सारतात. दिसायला लागतं, पण कपाळ उघडं पडतं, आणि सायकलवरून पुढे फेकलं गेल्यावर कपाळ जमिनीवर आदळण्याचा धोका मोठा. हेल्मेट आडवं, समतल, भुवयांच्या दोन बोटं वरच हवं. तसं बसवूनही नजर मोकळी राहत असेल, तर ते आपलं. चष्म्याचंही तेच: वरची जाड फ्रेम काठाइतकीच आड येते. डोंगरी सायकलिंगच्या हेल्मेटला असते ती पुढची झापड इथे नको.

म्हणून दुकानदाराला सांगा, ‘भाऊ, जरा वाकून बघतो.’ दोन्ही हात काउंटरवर टेका, पाठ आडवी करा आणि समोरच्या दाराची वरची चौकट बघा. काठ आड येतो का? डोकं मागे झुकताच हेल्मेट घट्ट करायची मागची डायल मानेत रुतते का? अंबाडा किंवा उंच बांधलेली वेणी हेल्मेट पुढे ढकलते का? मग पट्टे सोडून डोकं हलवा. हेल्मेट घसरायला नको. दहा-बारा मिनिटं तसंच राहू द्या आणि काढल्यावर कपाळावरचे वळ बघा. एकाच जागी लाल ठसा उमटला असेल, तर साचा तुमच्या डोक्याचा नाही. ५७ सेंटिमीटर घेर गोल डोक्याचाही असतो आणि लांबट डोक्याचाही. टेपला तो फरक कळत नाही.

नागपुरात उन्हाचाही विचार हवा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. समोरच्या झरोक्यांतून शिरलेली हवा आतल्या खाचांतून मागे निघाली, तर कोरड्या उन्हाळ्यात घाम भराभर वाळतो. पावसाळ्यात तो वाळत नाही आणि वाकलेल्या चेहऱ्यावरून थेट डोळ्यांत उतरतो. कपाळाचा पॅड जाड, काढून धुता येणारा असावा. जादा जोड मिळाला तर घ्याच.

मजबुतीच्या चाचणीत हेल्मेट उंचावरून लोखंडी ऐरणीवर आपटतात. अमेरिकी मानकात सपाट ऐरणीसाठी ही उंची सुमारे दोन मीटर असते आणि आतल्या कृत्रिम डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाच्या ३०० पटींपुढे जाता कामा नये. थर्मोकोल स्वतः चिरडलं जाऊन तो धक्का पितं आणि चिरडलेलं पुन्हा फुगत नाही. पडल्यावर वरचं कवच शाबूत दिसलं तरी पॅड काढून आतली भेग शोधा, आणि डोक्याला मार बसला असेल, तर भेग नसली तरी नवं घ्या.