करपा कोणता, हे आधी ठरवा

भिलाईच्या सेक्टर ६ मधून मी पुन्हा तुमच्याशी बोलतोय. आपल्यापैकी बऱ्याच घरांचं असं आहे की नोकरी कारखान्यात आणि धानाची बांधी गोंदिया-भंडाऱ्याकडे, नाहीतर इथेच दुर्ग, बालोदच्या बाजूला. सप्टेंबर उजाडला की गावाकडून फोन येतो, ‘पानं करपली, काय मारू?’ माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: कोणता करपा?

गोंधळ नावातच आहे. इथल्या दुकानात सगळ्याला ‘झुलसा’ म्हणतात. मराठीत निदान ‘करपा’ आणि ‘कडा करपा’ असा भेद आहे. पहिला बुरशीमुळे होतो, दुसरा जिवाणूमुळे. बुरशीचं औषध जिवाणूवर चालत नाही. म्हणजे नाव चुकलं की फवारणीचे पैसे मातीत, आणि त्या आठवड्यात रोग पुढच्या बांधीत.

ओळख सोपी आहे. करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो, दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी, कडेला तपकिरी. कडा करपा शेंड्याकडून सुरू होतो आणि पानाच्या कडेकडेने नागमोडी पिवळी पट्टी खाली उतरते. मग ती गवतासारखी पांढुरकी वाळते. शंका असेल तर काचेचा ग्लास घ्या. पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथला पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात उभा धरा, हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे पाण्यात उतरताना दिसले, तर तो जिवाणू. या परीक्षेला खर्च शून्य आहे. मला वाटतं, औषधाच्या दुकानात जाण्याआधी प्रत्येकाने ती करावीच.

आता हे दोघे पसरतात कसे? करप्याची बुरशी हवेतून येते. एका ठिपक्यातून हजारो बीजाणू सुटतात, बहुतेक रात्री. पान सलग काही तास ओलं राहिलं की ते रुजतात. म्हणून रात्र गार, सकाळी उशिरापर्यंत दव आणि दिवसभर ढगाळ, असे दिवस आले की सावध व्हायचं. साधारण आठवडाभरात नवा ठिपका स्वतः बीजाणू सोडायला लागतो. आज पाच ठिपके म्हणून दुर्लक्ष केलं, तर दोन फेऱ्यांनंतर मोजता येत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे लोंबीच्या मानेवर येणारा करपा. मान काळी पडते, वर दाणा भरत नाही, लोंबी पांढरी उभी राहते. तेव्हा फवारून काही मिळत नाही. पानांवर ठिपके दिसत असतील तर लोंबी निसवण्याच्या सुमारासच बुरशीनाशक द्यावं लागतं.

कडा करप्याचा रस्ता वेगळा. त्याला पाणी लागतं. पानाच्या कडेला झाडाची पाणी बाहेर टाकायची बारीक छिद्रं असतात, तिथून जिवाणू आत शिरतो, नाहीतर जखमेतून. वादळी पावसात पानं एकमेकांवर घासली की जखमाही होतात आणि थेंबही उडतात. पऱ्हे उंच झाले म्हणून रोवणीआधी शेंडे खुडायची काही गावांत पद्धत आहे. ती म्हणजे जिवाणूला दार उघडून देणं. पुढची वाट आपण स्वतः करून देतो: तांदुळा धरणाच्या कालव्याखाली काय किंवा भंडाऱ्याच्या तलावाखाली काय, पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सोडलं जातं. रोग दिसला की हे आधी थांबवा. रोगट बांधीचं पाणी काढून टाका, पण शेजाऱ्याच्या बांधीत नको!

आणि युरिया बंद. दोन्ही रोगांना नत्राने फुगलेलं, गर्द हिरवं, दाट धान आवडतं. आपल्याकडे मात्र पान पिवळं दिसलं की अजून एक बॅग टाकतात. कडा करप्यात हे आगीत तेल ओतण्यासारखं आहे.

प्रतिजैविकांची पुडी हा आणखी एक आवडता उपाय. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावरही वापरलेलं औषध आहे. शेतभर ते उडवण्याच्या मी तरी विरोधात आहे. वापर वाढला की जिवाणू त्याला सरावतात.

खरी मदत बियाण्यातून होते. स्वर्णा हा १९८२ चा वाण, उत्पन्नाला उत्तम, पण कडा करप्याला बळी पडणारा. हैदराबादच्या दोन संस्थांनी, भात संशोधन संचालनालय आणि सीसीएमबी यांनी, सांबा मसुरीत कडा करप्याला रोखणारी तीन जनुकं एकत्र आणली आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली. तीन का? एकच कुलूप असलं तर जिवाणू कधीतरी त्याची किल्ली बनवतो. तिन्ही एकदम उघडणं अवघड. मात्र हा वाण करप्याच्या बुरशीपासून वाचवत नाही, हे ध्यानात ठेवा.

घरचंच बी वापरणार असाल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. पोकळ, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून जाळा. बुडालेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा, आणि मगच बीजप्रक्रिया करा. गेल्या हंगामात ज्या बांधीत कडा करपा होता, तिथलं बी धरूच नका. तो तणस रोवणीच्या बांधीजवळ रचूनही ठेवू नका.