राणीच्या बागेतला एक दिवस : घड्याळ, डबा आणि मुलांचे प्रश्न

नाताळची सुटी जवळ आली की मुंबई-ठाण्याच्या घराघरांतून राणीच्या बागेचा विषय निघतो. भायखळ्याचे हे उद्यान 1862 साली व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने लोकांसाठी खुले झाले. आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखले जाते. आजी-आजोबांच्या तोंडी मात्र ते राणीची बागच राहिले आहे. सुमारे 53 एकरांच्या या जागेत तीन पिढ्यांना एकत्र न्यायचे असेल, तर थोडी पूर्वतयारी हवी.

पहिली गोष्ट वाराची. उद्यान बुधवारी बंद असते. प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस तरी माणसांपासून विसावा मिळावा, असा देशभरातील प्राणिसंग्रहालयांचा नियम आहे, आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर मात्र उद्यान त्या दिवशी उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, हे लक्षात असू द्यावे. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी 2017 पासून शंभर रुपयांचे एकत्रित तिकीट आहे. दर निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. तिकीट ऑनलाइनही मिळते. रविवारची खिडकीवरची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ज्या घरी चौविहार पाळला जातो, त्यांनी दिवसाची आखणी संध्याकाळपासून मागे मोजत करावी. डोंबिवलीला परतणाऱ्या कुटुंबाला लोकलचा तासभर आणि दोन्ही टोकांची पायपीट धरावी लागते. म्हणजे साडेतीनला भायखळा सोडले, तरच घरी पोहोचून शांतपणे पानावर बसता येते. शिवाय चारनंतर गाड्यांना गर्दी वाढू लागते, आणि पेंगुळलेले मूल खांद्यावर घेऊन त्या गर्दीत शिरणे कोणालाच नको असते. त्यामुळे सकाळी साडेनऊच्या सुमारास दारात हजर असणे सर्वांत सोयीचे.

डब्याचा प्रश्न त्यातूनच सुटतो. घरून पोटभर नाश्ता करून निघावे. सोबत खाकरे, दशम्या, सुका मेवा आणि उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांत घ्यावे. बाहेरच्या उपाहारगृहात कंदमुळे टाळून काय मिळेल, याची चौकशी करण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा हे बरे. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. पिंजऱ्यांसमोर उभे राहून मात्र काहीही खाऊ नये. एखादे मूल खाताना दिसले की शेजारच्या मुलाचा हात आपोआप जाळीकडे जातो.

आत गेल्यावर आधी काय पाहावे, यावर प्रत्येक घरात वाद होतो. साध्या वारी गेल्यास उघड्यावरचे प्राणी प्रथम पाहावेत, कारण ऊन चढले की वाघ आणि अस्वले सावलीत पहुडतात. रविवारी मात्र आधी पेंग्विन कक्ष गाठावा. दुपारी तेथील रांग मुलांच्या सहनशक्तीपलीकडे जाते. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. ते बर्फात राहत नाहीत, हे कळल्यावर मुलांना नवल वाटते. 2016 साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन येथे आणले गेले आणि त्याच वर्षी त्यांतील एक दगावला. 15 ऑगस्ट 2018 रोजी येथे जन्मलेले पहिले पिल्लूही आठवडाभरातच गेले. पुढे जन्मलेली पिल्ले जगली आणि आज हा कळप मूळ संख्येहून मोठा आहे.

ही हकीकत ऐकून एखादे मूल हमखास विचारते, “मग त्यांना इथे आणलेच कशाला?” जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या घरात तर हा प्रश्न उठणारच. पालकांनी तो झटकून टाकू नये. याच मुंबईत 1834 साली शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. तेथे जनावर येते ते जखमी, म्हातारे किंवा निराधार म्हणून. ते माणसाच्या करमणुकीसाठी ठेवलेले नसते. प्राणिसंग्रहालयाचा आरंभ कुतूहलातून झाला. संवर्धन आणि शिक्षण ही त्याची उद्दिष्टे पुष्कळ नंतरची, आणि ती कितपत साधतात याविषयी जाणकारांतही मतभेद आहेत. दोन्ही जागांतला हा फरक दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतो. पूर्वी प्राणिसंग्रहालयांत हत्ती सर्रास असत. 2009 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्यांना तेथून हलवण्याचा निर्णय घेतला. नियम बदलतात ते असे प्रश्न विचारले गेले म्हणूनच, हेही मुलाला सांगता येते. काही कुटुंबे सारे ऐकून न जाण्याचे ठरवतात. तोही निर्णय आदराने घ्यावा.

जे जातात त्यांनी प्राण्याला हाका मारणे, काचेवर टकटक करणे, खाऊ टाकणे कटाक्षाने टाळावे. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि गर्दीत तो सर्वाधिक मोठी माणसेच करतात. वाघ झोपलेला असेल तर त्याला झोपू द्यावे. दहा पिंजऱ्यांपुढून धावत जाण्यापेक्षा तीन ठिकाणी पाव-पाव तास उभे राहिल्यास मुलांना अधिक दिसते: कान कसा हलतो, सावली कोठे सरकली की प्राणी जागा बदलतो. लहान वही आणि पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी या बागेचा खरा ठेवा म्हणजे झाडे. गोरखचिंचेचे अजस्र खोड, कैलासपतीची खोडालाच लगडलेली फुले, दुर्मीळ उर्वशी. नूतनीकरणाच्या आराखड्यात ही झाडी धोक्यात येते असे दिसताच मुंबईच्या नागरिकांनी ती वाचवण्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. आजी-आजोबांनी बाकावर निवांत बसावे, नातवंडांनी फेरी मारून तेथे परत यावे; भेटीची जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवावी.

अडीचच्या सुमारास बाहेर पडल्यास शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी तासभर मिळतो. तिकीट वेगळे असते, आणि तेही बुधवारी बंद असते. वेळ नसेल तर बाहेरचा दगडी हत्ती तरी मुलांना दाखवावा. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला; ते तुकडे या बागेत आणून 1914 मध्ये पुन्हा जोडण्यात आले. सांधे अजून दिसतात, आणि ते शोधून काढायला मुलांना दहा मिनिटे पुरतात. तेथून भायखळा स्थानक चालत फार दूर नाही.