एनए झालं म्हणजे सगळं झालं?

पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही घाटाच्या तोंडाशी एक फलक हमखास दिसतो: ‘एनए प्लॉट, स्वतंत्र सातबारा, कर्जाची सोय’. ‘एनए’च्या आधी बारीक अक्षरात ‘प्रस्तावित’ असं लिहिलेलं असतं, ते गाडीतून दिसत नाही. शेतजमिनीचं काय करता येतं आणि ते कोण ठरवतं, याबद्दलचे आपले बहुतेक समज असेच गाडीतून वाचलेले असतात. कोणी म्हणतं, सरपंच आपला माणूस आहे, काळजी नको. कोणी म्हणतं, कलेक्टरची ऑर्डर आणली की झालं. कोणी म्हणतं, जमीन माझी, मी त्यात काहीही बांधीन. तिघांचीही गफलत एकच आहे. निर्णय जिथे होतो असं ते धरून चालतात, तिथे तो होतच नाही. बराचसा निर्णय त्याआधीच एका नकाशावर झालेला असतो, आणि तो नकाशा तयार होत असताना गावातलं कोणी तिकडे फिरकलेलं नसतं.

आधी एनएचंच पाहू. एनए म्हणजे बिगरशेती वापर, हा महसुली विषय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतीसाठी आकारणी झालेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे, हे गावात प्रत्येकाला पाठ आहे. त्या जमिनीवर काय उभं राहू शकतं हा प्रश्न मात्र वेगळ्या कायद्याचा आहे. तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, तोही १९६६ चाच. त्याखाली प्रादेशिक योजना किंवा विकास आराखडा होतो, आणि जमिनीला पट्टा मिळतो: निवासी, औद्योगिक, शेती, ना-विकास. बोलीभाषेत निवासी तो यलो झोन आणि शेती किंवा ना-विकास तो ग्रीन झोन. प्रत्यक्ष बांधकामाची परवानगी ही तिसरी गोष्ट. तीत रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं, चटईक्षेत्र हे सगळं येतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत शासनाने संहितेत कलम ४२-अ, ब, क आणि ड घालून यातला पहिला टप्पा बराच पातळ केला. आराखड्यात जमीन निवासी पट्ट्यात असेल तर वेगळी एनए परवानगी मागत बसावं लागत नाही. रूपांतरण कर आणि बिगरशेती आकारणी भरली की झालं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही निवासी वापरापुरती हीच सवलत आहे. म्हणजे ज्या कागदासाठी लोक तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, त्याचं वजन कमी होत चाललंय आणि नकाशावरच्या रंगाचं वाढतंय. उलट बाजूने, चलन भरलं म्हणून बांधकाम सुरू केलं तर ते बेकायदाच ठरतं, कारण तिसरा कागद अजून हातात आलेला नसतो. झोन दाखला, बिगरशेतीचा महसुली कागद आणि बांधकाम परवानगी हे तीन वेगळे कागद आहेत. एक दाखवून दुसऱ्याचे पैसे घेणारे दलाल तालुक्याच्या प्रत्येक गावी भेटतील.

‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे’ हे वाक्य तर इतकं ऐकू येतं की त्याच्यापुढे बोलायची सोय राहत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ खाली पंचायतीला बांधकामावर नियंत्रणाचा अधिकार आहे, पण त्याची मुख्य हद्द गावठाण आहे. गावठाणाबाहेरच्या शिवारात, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातून आणि नगररचना विभागाच्या अभिप्रायाने मिळते. तिथे पंचायतीचं ना-हरकत पत्र म्हणजे गावाचं एक मत. त्याने पट्टा बदलत नाही आणि बांधकामही अधिकृत होत नाही. सरपंचाने मनापासून सही केली असली तरी नाही.

याच्याच पोटात दुसरा घोटाळा आहे. शिवारात घर बांधलं, पंचायतीने त्याची नोंद केली, घरपट्टीची पावती आली, वीजजोड आला. घरमालक निवांत. पंचायतीचा ‘नमुना ८’ ही घरांच्या कर-आकारणीची नोंदवही, आणि तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा जमिनीचा खातेउतारा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा शासनाचा निर्णय आहे, गाव अजून तलाठीच म्हणतं.) बोलताना दोघांनाही ‘आठचा उतारा’ म्हणतात आणि व्यवहारातही एकाच्या जागी दुसरा खपवला जातो. कर हा बांधकाम उभं आहे म्हणून लागतो. ते कायदेशीर आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीचंही तसंच. फेरफार झाला, नाव चढलं, म्हणजे शासनाने सारा कोणाकडून घ्यायचा ते ठरलं. विरुद्ध पुरावा येईपर्यंत नोंद खरी धरली जाते इतकंच. महसुली नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

मग शेतकऱ्याने स्वतःच्या रानात साधं घरही बांधायचं नाही का? बांधायचं. अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायला, जनावरांसाठी आणि घरच्या माणसांना किंवा गड्यांना राहायला शेतीचं बांधकाम करता येतं. ते शेतीचाच भाग धरलं जातं. पण शहरांच्या परिसरात आणि नियोजन क्षेत्रांत त्याला मर्यादा आहेत. किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर धारण हवी, आणि राहण्याचा भाग १५० चौरस मीटर जोत्याच्या आत हवा. फार्महाऊस या नावाखाली जे खपतं, तिथे ही अट कुठल्या कुठे राहते. पाच गुंठ्यांवर तरणतलाव आणि शनिवार-रविवारचं भाडं असेल तर तो शेतीचा भाग नव्हे, मग कुंपणाला आंब्याची चार कलमं का असेनात.

उलटा गैरसमजही आहे: ग्रीन झोन म्हणजे काहीच करता येत नाही, जमीन मेली. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात शेती पट्ट्यातही शाळा, दवाखाना, पेट्रोलपंप, कुक्कुटपालन, मंगल कार्यालय असे वापर बसतात. प्रत्येकाला क्षेत्राची, रस्त्याची आणि चटईक्षेत्राची अट आहे. इथे मला नियमावलीचंच नवल वाटतं. शेत राखण्यासाठी जो पट्टा, त्यात ऊस-केळीच्या मधोमध लॉन्स आणि मंगल कार्यालयं ओळीने उभी राहतात तीही पूर्ण कायदेशीर, आणि शेजारच्या शेतकऱ्याची दोन खोल्यांची वाढ मात्र ‘अनधिकृत’ म्हणून नोटिशीत येते.

सगळ्यात महाग पडतो तो अकरा गुंठ्यांचा समज. एकदा असा सातबारा नीट पाहावा. क्षेत्र ११ गुंठे. भोगवटादारांच्या रकान्यात दहा-अकरा नावं, एकाखाली एक, वेगवेगळ्या आडनावांची आणि गावांची. प्रत्येकाने एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, घेतल्याचं मनात धरलेलं असतं. सातबाऱ्यावर मात्र त्याच्या वाट्याला कुठला कोपरा हे नाही, आतला रस्ता नाही, मोजणीचा नकाशा नाही. आहे तो फक्त अविभक्त हिस्सा. हा सगळा खटाटोप तुकडेबंदी कायद्यातून वाट काढण्यासाठी. १९४७ चा हा कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतीचा तुकडा पाडायला मनाई करतो. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे.  अकरा गुंठे बागायतीची मर्यादा जेमतेम ओलांडतात.

‘पुढे सगळं रेग्युलर होतं’ हे याचं पुढचं वाक्य. त्यात तथ्य नाही असंही नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, नंतर त्याची मुदत २०२० च्या अखेरीपर्यंतच्या बांधकामांना वाढवली गेली. जुने तुकडे नियमित करण्याचं शुल्कही बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. पण व्यवहार नियमित होणं म्हणजे त्यावर बांधायची मुभा मिळणं नव्हे. जमीन हिरव्या पट्ट्यात असेल, आरक्षणात असेल किंवा ओढ्याच्या पात्रात असेल, तर शुल्क भरूनही ती तिथेच राहते. शिवाय ही सवलत हक्क म्हणून मागता येत नाही. शासन ती देतं तेव्हाच आणि देतं तेवढीच मिळते. प्लॉट घेणाऱ्याने एक साधी चौकशी करावी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते. ती नसेल तर फलकावरची बाकीची अक्षरं वाचायची गरज नाही.

नकाशाचं म्हणत होतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. शेकडो गावांच्या जमिनी त्यात रंगल्या. पिवळ्यात आलेल्यांच्या भावांना रातोरात पंख फुटले, हिरव्यात किंवा आरक्षणात गेलेल्यांनी डोकी धरली. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. प्रारूपातल्या पिवळ्या रंगावर विसंबून ज्यांनी व्यवहार केले, त्यांच्या हातात रंग उडालेला कागद उरला. प्रारूप म्हणजे प्रस्ताव. शासनाची मंजुरी येईपर्यंत त्यातली कुठलीच रेष पक्की नसते.

मंजूर नकाशातला हिरवा रंग तरी कायमचा असतो का? वसईकरांना विचारा. केळी, फुलं, विड्याची पानं आणि गोड्या पाण्याच्या विहिरी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली करण्याचा निर्णय १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाला. १९९० मध्ये सिडकोला तिथलं नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. हा निर्णय कुठल्या ग्रामपंचायतीने मागितला नव्हता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती याविरुद्ध. पाण्याचे टँकर, भरावाखाली गेलेली शेतं, दहशत असे सगळे प्रश्न तिने उचलले.  २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं पुन्हा रस्त्यावर आली. महापालिकेत गेलं की ग्रामसभा जाते आणि जमिनीविषयी बोलायची उरलीसुरली जागाही जाते, हे त्यांना कळत होतं. महापालिकेतून २९ गावं वगळण्याचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं न्यायालयात घोळत राहिला. शहराच्या पश्चिमेला आज जी वाडी-बागायत दिसते, ती नकाशाच्या दयेने टिकलेली नाही.

गोव्यात तर रंग बदलायला नवा आराखडाही लागला नाही. २०२३ मध्ये तिथल्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याची ती सोय होती. प्रत्यक्षात एकेका मालकाच्या अर्जावर एकेका भूखंडाचा पट्टा बदलत गेला. भातखाचरं, बागा, डोंगरउतार असे तुकड्या-तुकड्याने निवासी झाले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्दबातल ठरवले. २००७ मध्ये ज्या गोव्याने आंदोलन करून अख्खा प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला होता, तिथे लोकांना आता सर्व्हे नंबर धरून राजपत्र वाचावं लागतं.

‘आपलं कोण ऐकतंय’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. अनुसूचित क्षेत्रात, जिथे पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू आहे, तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. इतर गावांत ग्रामसभेच्या ठरावाला तेवढं बळ नाही. पण प्रादेशिक योजनेचा मसुदा जाहीर झाल्यावर हरकतींसाठी किमान चार महिने द्यावे लागतात, विकास आराखड्याला तीस दिवस, आणि हरकत कोणीही घेऊ शकतं. त्यासाठी जमीनमालक असावं लागत नाही. या मुदतीत गावाने काय दिलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘आमच्या सुपीक जमिनी वाचवा’ असे एकाच मजकुराचे दोनशे अर्ज सुनावणीत एकाच गठ्ठ्यात निकाली निघतात. गट नंबर, गावनकाशावरची जागा, पाटाचं किंवा विहिरीचं पाणी आणि गेल्या काही वर्षांची पिकं लावलेला एक अर्ज बाजूला ठेवता येत नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं. ही पिकं येतात सातबाऱ्यातल्या ‘बारा’मधून, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपवर शेतकऱ्याने स्वतःच ती नोंदवायची आहे. अनेकांनी ती नोंदवलेली नाही. मग बांधावर पेरूची बाग लगडलेली असते, उताऱ्यावर मात्र ‘पड’ लागलेली, आणि हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे उताराच जातो.