विहिरीतली गारगोटी आणि तिची चिठ्ठी

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक कोनाडा आहे. त्यात माझ्या लहानपणापासून पाच-सहा चमकणारे दगड ठेवलेले आहेत. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, सिल्लोड तालुक्यात विहिरी खोदणाऱ्या टोळीत सुरुंगाचे काम करीत. विहिरीत पोकळी फुटली आणि आत गारगोटी निघाली, की तिचा एखादा तुकडा ते धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणीत. आई म्हणे, "दगडानं का पोट भरतंय?" पण कोनाडा कधी रिकामा झाला नाही.

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी खडक व खनिजांची पेटी उघडली. तीत ज्वारीची पेंढी मध्यावर आवळून बांधावी तसा एक फिकट गुलाबी स्फटिक होता. मी चटकन म्हणालो, "सर, असला आमच्या घरी आहे!" दिवाळीनंतर मी तो नेऊन दाखवला. सरांनी नाव सांगितले, स्टिल्बाइट. मग विचारले, "कोणत्या गावच्या विहिरीतला? किती खोलीवरचा?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहीत आहे.

हे स्फटिक आपल्याकडे का सापडतात, ते आधी पाहू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. थरावर थर साचून बेसाल्ट खडक तयार झाला. आज तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले व पोकळ्या झाल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपले. त्यात विरघळलेली सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम इत्यादी द्रव्ये पोकळीच्या भिंतीवर हळूहळू जमत गेली. जे आधी जमले ते भिंतीला चिकटलेले, जे शेवटी जमले ते सर्वांत आत. म्हणून स्टिल्बाइटच्या पाठीवर अपोफिलाइट बसलेला दिसला, की अपोफिलाइट वयाने धाकटा समजावा.

स्टिल्बाइट हा झिओलाइट कुळातला. 1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी या कुळाला नाव दिले. त्याचा ग्रीक अर्थ 'उकळणारा दगड'. यांच्या घडणीत पाणी असते व तापवल्यावर ते उकळल्यासारखे बाहेर पडते.

यांपैकी बरेचसे स्फटिक मुळात पांढरे किंवा रंगहीन असतात. रंग येतो तो बहुधा किंचितशा धातूमुळे. लोहाने तांबूस छटा येते, तर हिरव्या अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियम धातूमुळे असतो. क्वचित हा धातू स्फटिकाचा मुख्य घटकच बनतो, आणि असे नमुने फार दुर्मिळ. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारा गडद निळा कॅव्हान्साइट हा त्यांतला मानाचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून 1967 साली त्याची ओळख जगाला झाली. पण त्याचे सर्वांत सुंदर नमुने 1980 नंतरच्या दशकात वाघोलीला निघाले, तेही खडी फोडताना. दुसरा पॉवेलाइट. यात मॉलिब्डेनम धातू असतो. नाशिक परिसरातले त्याचे मधासारखे पिवळे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. अतिनील प्रकाशात तो पिवळा उजळतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनचे असे वैभव एकत्र पाहायला मिळते.

आता संग्रह कसा करावा? नमुना शक्यतो खडकाच्या तुकड्यासकट ठेवावा. सुटा स्फटिक आपला शेजारी कोण होता हे सांगू शकत नाही. धुण्यास साधे पाणी व मऊ ब्रश पुरे. ॲसिड लावू नये. कॅल्साइट त्यात विरघळतो व कित्येक झिओलाइट खराब होतात. कापसाच्या बोंडासारखा दिसणारा ओकेनाइट तर पाण्यानेही धुऊ नये, त्याचे तंतू एकमेकांना चिकटून बसतात. लेण्यांच्या संरक्षित परिसरात दगडाला हात लावणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवी. गाव, विहीर किंवा खाण, खोली, खडक, तारीख. चिठ्ठी नसलेला नमुना शोभेला चालतो, अभ्यासाला नाही.

बाजारात हीच चिठ्ठी हरवते. माल जिथून विकला जातो त्या शहराचे नाव त्याला चिकटते. विहीर सिल्लोडची आणि चिठ्ठी जळगावची किंवा पुण्याची, असे पुष्कळदा घडते. मी सहावीत असताना एक व्यापारी आमच्या दारी आला होता. दादांनी जमवलेली टोपलीभर गारगोटी त्याने दोनशे रुपयांत नेली. त्यात हाताच्या तळव्याएवढा एक हिरवा अपोफिलाइट होता. तो आज कुठल्या कपाटात आहे आणि त्याखाली कोणते नाव लिहिले आहे, कोण जाणे.

सुट्टीत मी वही घेऊन दादांसमोर बसलो. ते म्हणाले, "त्याला कशाला चिठ्ठी लागती? मीच काढलाय, मला ठाव हाय." मी स्टिल्बाइट हातात दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला व म्हणाले, "ही माळावरची विहीर. पंचावन्न फुटांवर गेरू लागला, गेरूखाली भोकाचा दगड, त्यात ही. त्याच्याखाली मग काळा पाषाण."

परत आल्यावर मी हे सरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, दोन लाव्हांच्या मधला लाल थर म्हणजे हा गेरू. त्याच्या खाली आधीच्या लाव्ह्याचा वरचा, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग येतो, आणि त्याखाली घट्ट बेसाल्ट. दादा शाळेत दुसरीपर्यंतच गेले, पण पुस्तकातली ही आकृती त्यांनी विहिरीत दोरावर लोंबकळत पाहिली होती.

सुरुंगांच्या आवाजाने त्यांना आता कमी ऐकू येते. प्रश्न मोठ्याने, दोन-दोनदा विचारावे लागतात. तरी वहीत एकोणीस चिठ्ठ्या झाल्या आहेत. विसाव्या पानावर मी 'हिरवा अपोफिलाइट' एवढेच लिहिले होते. दादांनी जागा, खोली, सगळे सांगितले व मी ते उतरवून घेतले. नमुना गेला, त्याची चिठ्ठी मात्र आमच्याकडे आहे.

आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका विहिरीवर, खदानीवर, रस्त्याच्या कामावर आहेत. सुट्टीत घरी गेलात की कोनाड्यातला दगड त्यांच्या हातात द्या आणि वही उघडून बसा.