क्राउडफंडिंगचा पैसा कोणाचा?

नोकरी सोडून मनासारखा उद्योग करायचाय पण भांडवल नाही, असं कुणी म्हणालं की हल्ली हमखास एक सल्ला मिळतो, "क्राउडफंडिंग कर की!" म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवणं. सल्ला वाईट नाही. मात्र त्याबरोबर काही समजुतीही गळ्यात पडतात आणि त्यांतली एखादी माणसाला कर्जात ढकलू शकते.

गैरसमज : हा पैसा परत करायचा नसतो, म्हणजे तो आपलाच.

व्यवसायासाठी होणारं क्राउडफंडिंग बहुतेक वेळा वस्तू तयार होण्याआधी घेतलेली तिची किंमत असते. मराठी वाचकाला हा व्यवहार नवा नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवून आपण कोश आणि ग्रंथांचे खंड घेत आलो आहोत. प्रकाशकाकडे आलेल्या त्या रकमेत कागद, छपाई, बांधणी आणि टपाल सगळं भागवायचं असतं. हिशेब चुकला, तर जितके ग्राहक जास्त तितका खड्डा मोठा.

अमेरिकेतल्या 'कूलेस्ट कूलर'चं नेमकं हेच झालं. सहलीला न्यायची ही शीतपेटी; तिच्यातच मिक्सर आणि स्पीकर बसवलेले. २०१४ साली 'किकस्टार्टर' या संकेतस्थळावर तिच्यासाठी ५० हजार डॉलर मागितले होते. जमले १ कोटी ३० लाखांहून अधिक, तेही बासष्ट हजारांवर लोकांकडून. त्या काळी तो विक्रम होता. पण एक पेटी बनवून घरपोच करण्याचा खर्च घेतलेल्या किमतीपेक्षा जास्त निघाला. पुढे तर, पेटी लवकर हवी असेल तर आणखी ९७ डॉलर भरा, असं आधीच पैसे दिलेल्या लोकांना सांगण्याची वेळ आली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद पडली आणि सुमारे वीस हजार लोकांना पेटी मिळालीच नाही. संस्थापकाची कल्पना उत्तम होती, मागणी अफाट होती. बुडवलं ते दर नगाच्या खर्चानं.

त्यातच संकेतस्थळाचं शुल्क असतं. किकस्टार्टर जमलेल्या रकमेच्या ५ टक्के घेतं, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. आपल्याकडे आगाऊ घेतलेली किंमत अखेर व्यवसायाचं उत्पन्न ठरते आणि त्यावरचा कर चुकत नाही.

गैरसमज : चांगला व्हिडिओ टाकला की अनोळखी लोक पैसे देतात.

किकस्टार्टरवर दहातल्या साधारण चारच मोहिमा लक्ष्य गाठतात. लक्ष्य हुकलं, तर तिथं एक डॉलरही हाती येत नाही. सुरुवातीची रक्कम बहुधा ओळखीच्यांकडून, जुन्या ग्राहकांकडून येते. अनोळखी माणूस ती पाहून पुढे होतो.

लोकांकडून थोडं थोडं जमवण्याचा प्रयोग महाराष्ट्रानं इंटरनेटच्या कितीतरी आधी केला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना निघाला. त्या कारखान्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती आणि ते परदेशात काचविद्या शिकून आले होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते : लोकांचा पैसा होता आणि काम येणारा माणूसही होता.

गैरसमज : पैसे देणारे कंपनीचे भागीदार होतात.

होत नाहीत. आभासी वास्तवाचा चष्मा बनवणाऱ्या 'ऑक्युलस'ला २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी सुमारे २४ लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या लोकांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. भारतात तर संकेतस्थळावरून सरसकट सर्वांना शेअर देऊ करणं कायद्याबाहेरचं आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं २०१४ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढलं आणि २०१६ मध्ये अशा अनधिकृत मंचांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. तेव्हा "पाच हजार द्या, नफ्यात वाटा घ्या" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. लोकांकडून कर्ज हवं असेल, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेले, व्यक्तीनं व्यक्तीला थेट कर्ज देण्याचे 'पी-टू-पी' मंच आहेत. तिथं एका व्यक्तीला एका कर्जदाराला जास्तीत जास्त ५० हजार देता येतात आणि मुदत ३६ महिन्यांपुढे जात नाही.

गैरसमज : मोहीम यशस्वी झाली की आवडीचं काम मिळालं.

मोहीम संपल्यावर महिनोन्‌महिने जे करावं लागतं ते म्हणजे पॅकिंग, कुरियर, तक्रारींची उत्तरं आणि कारखानदाराच्या मागे लागणं. किकस्टार्टरवरच्या प्रकल्पांच्या एका अभ्यासात, २०१४ मध्ये, पाऊणशे टक्क्यांहून अधिक प्रकल्पांनी वस्तू उशिरा पोचवल्याचं दिसलं. हे काम नकोसं वाटत असेल, तर ते आवडीनं करणारा जोडीदार आधी शोधावा.

तरीही मी या मार्गाच्या बाजूनं आहे, कारण आपल्या आवडीचं काम इतरांनाही हवं आहे का, हे दुकानाची पागडी भरण्याआधी त्यातून कळतं. कूलेस्टची पहिली मोहीमही फसलीच होती. रचना सुधारून, थंडीऐवजी उन्हाळ्यात ती पुन्हा मांडली तेव्हा लोक धावले.

तुम्ही मोहीम सुरू करणार असाल, तर आधी दहा नग बनवा, दहा घरी पोचवा आणि प्रत्येकाचा खर्च पैशापर्यंत लिहून काढा. कच्च्या मालाचे आणि कुरियरचे दर लेखी घ्या. किंमत आणि तारीख त्यानंतरच जाहीर करा.