काडेपेट्यांचा वर्ग

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय संगणकतज्ज्ञांच्या हातून निसटून थेट शिक्षकखोलीत आला. तेथे त्यावर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक, आता मुले स्वतः काही लिहिणार नाहीत. दुसरे, आता शिक्षकाची गरजच उरणार नाही. आम्हाला दोन्ही बोलणी घाईची वाटतात, कारण हे यंत्र नेमके करते तरी काय, हा प्रश्न दोन्हींत विचारलेलाच नसतो. तो प्रश्न आठवीच्या वर्गातही हाताळता येतो. त्यासाठी संगणक लागत नाही, वीजही लागत नाही. नऊ रिकाम्या काडेपेट्या, सतरा मणी आणि दहा चिंचोके लागतात.

खेळ असा. टेबलावर दहा चिंचोके ठेवावेत. दोघांनी आळीपाळीने एक किंवा दोन चिंचोके उचलावेत. शेवटचा चिंचोका जो उचलेल तो जिंकला. एक खेळाडू म्हणजे वर्गातले कोणीतरी मूल, दुसरा खेळाडू म्हणजे काडेपेट्यांचा संच. पहिली खेळी नेहमी संचाची.

पेट्यांवर १०, ८, ७, ६, ५, ४, ३, २ आणि १ असे आकडे घालावेत. (९ ची पेटी का लागत नाही, हे मुलांनाच विचारावे.) प्रत्येक पेटीत एक लाल आणि एक पांढरा मणी टाकावा. लाल म्हणजे ‘एक उचल’, पांढरा म्हणजे ‘दोन उचल’. १ च्या पेटीत मात्र फक्त लाल, कारण तेथे दुसरे काही करताच येत नाही. मणी एकाच आकाराचे हवेत. वाटाणे आणि हरभरे घेतले तर बोटांना फरक कळतो आणि पेटी हाताळणारे मूल नकळत संचाला मदत करू लागते.

संचाची पाळी आली की जितके चिंचोके शिल्लक असतील त्या आकड्याची पेटी उचलावी, हलवावी, न पाहता एक मणी काढावा आणि तो सांगेल तसे करावे. काढलेला मणी डाव संपेपर्यंत पेटीपुढेच ठेवावा. संच जिंकला तर सगळे मणी आपापल्या पेटीत परत जातात. संच हरला तर त्याच्या शेवटच्या खेळीचा मणी जप्त होतो, बाकीचे परत जातात. पुढे पुढे कधी असे होते की, संचाची पाळी येते आणि पेटी रिकामी निघते. अशा वेळी संचाने हार मानावी आणि त्याच्या आधीच्या खेळीचा मणी जप्त व्हावा. एवढेच नियम.

पहिले काही डाव संच अगदी वेड्यासारखा खेळतो. समोर दोनच चिंचोके आहेत, दोन्ही उचलले की जिंकला, तरी लाल मणी निघाला म्हणून तो एकच उचलतो. मुले हसतात. त्यांना हसू द्यावे. पण त्या हारीत २ च्या पेटीतला लाल मणी गेलेला असतो, आणि ती चूक संच पुन्हा कधीही करत नाही. मग ४ च्या पेटीतला पांढरा जातो. ३ च्या पेटीतले दोन्ही मणी जातात. ३ ची पेटी रिकामी झाली की ५ आणि ६ च्या पेट्यांवर परिणाम होऊ लागतो, आणि असे करत करत शहाणपण खालून वर, १० च्या पेटीपर्यंत चढते. प्रतिस्पर्धी चांगला असेल तर अखेरीस संच एकही डाव सोडत नाही.

आता पेट्या उघडून मुलांपुढे मांडाव्यात. १०, ७, ४ आणि १ मध्ये लाल मणी उरलेला असतो, ८, ५ आणि २ मध्ये पांढरा, तर ६ आणि ३ रिकाम्या. प्रतिस्पर्ध्यापुढे नेहमी तीनच्या पटीत चिंचोके ठेवावेत, हे या खेळाचे मर्म आहे. ते पेट्यांना कोणी सांगितले नव्हते. पेट्यांना तीनचा पाढा येत नाही. ‘मग त्या शिकल्या म्हणायचे की नाही?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षकाने बाजूला उभे राहावे. या एका प्रश्नावर पूर्ण तासिका चालू शकते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी यातच एक सुंदर सिद्धता दडलेली आहे. आपल्या नियमाने जप्त होणारा मणी नेहमी खरोखरच हरणाऱ्या खेळीचा असतो. चांगल्या खेळीचा मणी कधीही जात नाही. मोजून पाहिले तर सतरा मण्यांपैकी हरणाऱ्या खेळींचे मणी बरोबर दहा आहेत. दर हारीला एक मणी जातो. म्हणजे हा संच उभ्या आयुष्यात दहापेक्षा अधिक डाव हरूच शकत नाही, मग समोर कोणीही बसो. जप्त मणी चुकीच्याच खेळीचा का असतो, हे विद्यार्थ्यांनी पटवून द्यावे. आणि खेळ नऊ चिंचोक्यांनी सुरू केला, पहिली खेळी संचाचीच ठेवली, तर पूर्ण शिकलेला संच काय करील, याचाही विचार करावा. उत्तर थोडे गमतीचे आहे.

आणखी एक प्रयोग मात्र चुकवू नये. दोन संच बनवावेत. एकाशी वर्गातला तरबेज खेळाडू खेळेल, दुसऱ्याशी कसाही खेळणारा. दुसऱ्या संचाने ४ मधून दोन उचलले, पुढे दोन उरले, आणि समोरच्याने दोन्ही न उचलता एकच उचलला, की संच जिंकतो आणि चुकीचा पांढरा मणी सन्मानाने पेटीत परत जातो. कच्च्या खेळाडूकडून शिकलेला संच कच्चा राहतो, आणि जिंकत असल्यामुळे त्याचे कच्चेपण दिसतही नाही. शिकणारे यंत्र कशावर शिकले, हे विचारल्याशिवाय त्याच्या यशाचे कौतुक करू नये, हे मुलांना एरवी कितीही सांगितले तरी पटत नाही. येथे ते दोन पेट्यांत दिसते.

ही कल्पना आमची नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामावर असलेले डोनाल्ड मिची यांनी १९६१ साली ३०४ काडेपेट्या चिकटवून फुली-गोळा खेळणारे यंत्र तयार केले. संगणक हाताशी नव्हता, म्हणून काडेपेट्या. यंत्राला त्यांनी ‘मेनेस’ असे नाव दिले आणि स्वतः त्याच्याशी २२० डाव खेळले. त्यांच्या नियमात जिंकल्यावर डावातील प्रत्येक खेळीच्या पेटीत त्या रंगाचे तीन जादा मणी पडत, बरोबरी झाल्यास एक, आणि हरल्यास काढलेले मणी जप्त होत. पुढल्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात सहा प्याद्यांचा एक छोटा खेळ आणि त्यासाठी २४ पेट्यांचे यंत्र दिले. शेवटच्या खेळीचा मणी जप्त करण्याची पद्धत त्यांची.

दोन नियमांतल्या या फरकामागे एक खोल प्रश्न आहे. डाव हरला तर दोष कोणत्या खेळीचा? शेवटच्या, की तिसऱ्या? मार्व्हिन मिन्स्की यांनी १९६१ सालीच या अडचणीकडे लक्ष वेधले होते. शिक्षकांना ती नवी नाही. दहावीच्या बीजगणितात अडखळणाऱ्या मुलाची खरी अडचण पुष्कळदा पाचवीच्या अपूर्णांकांत असते, आणि गुण मात्र दहावीत जप्त होतात.

चिंचोक्यांचा खेळ ठीक, पण चॅटजीपीटी तर बोलते. त्यासाठी दुसरा खेळ आहे, आणि त्याला फक्त चिठ्ठ्या लागतात. फळ्यावर तीन वाक्ये लिहावीत: सूर्य हा तारा आहे. चंद्र हा उपग्रह आहे. पृथ्वी हा ग्रह आहे. आता प्रत्येक शब्दानंतर कोणता शब्द आला, याची नोंद करावी. ‘सूर्य’नंतर ‘हा’ येतो. ‘हा’नंतर ‘तारा’, ‘उपग्रह’ किंवा ‘ग्रह’ येतो. या नोंदींवरून, जेथे पर्याय असेल तेथे चिठ्ठी टाकून, नवी वाक्ये बनवावीत. एकूण नऊ वाक्ये बनू शकतात. नऊच्या नऊ व्याकरणशुद्ध. त्यांतली तीन खरी आणि सहा खोटी. ‘सूर्य हा उपग्रह आहे’ हे वाक्य यंत्र तितक्याच ठामपणे म्हणते जितक्या ठामपणे ‘चंद्र हा उपग्रह आहे’ असे म्हणते. लक्षात घ्यावे की, त्याला आपण एकही खोटे वाक्य शिकवले नव्हते.

आता नियम बदलावा. एकाऐवजी मागचे दोन शब्द पाहावेत. ‘सूर्य हा’ यानंतर फक्त ‘तारा’च येतो, आणि खोटी वाक्ये नाहीशी होतात. मागे जितके लांब पाहावे तितके यंत्र शहाणे वाटू लागते. अशी मोजणी रशियन गणिती मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘यूजीन अनेगिन’मधील २०,००० अक्षरांवर, स्वर आणि व्यंजने मोजून केली होती. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अशाच रीतीने इंग्रजी वाक्ये तयार करून दाखवली. आजची यंत्रे हजारो शब्द मागे पाहतात, आणि चिठ्ठ्यांच्या जागी आकडे असतात: २०२० सालच्या ‘जीपीटी-३’मध्ये असे १७५ अब्ज आकडे होते. पुढे माणसांनी उत्तरांना पसंती-नापसंती दिली आणि त्यानुसार ते आकडे पुन्हा हलवले गेले. हा भाग म्हणजे पुन्हा आपल्या काडेपेट्याच. मात्र प्रत्येक पावलाचा प्रश्न ‘येथे कोणता शब्द शोभेल?’ हाच राहतो. बहुतेक वेळा शोभणारा शब्द खराही असतो. नसतो तेव्हा यंत्राचा आवाज बदलत नाही.

एवढे वर्गात झाले की मग खरे यंत्र वर्गात आणावे. ते कसे आणावे, याविषयी तुर्कस्तानातील एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असे आम्हाला वाटते. नववी ते अकरावीच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावासाठी तो केला गेला, आणि २०२४ साली त्याचे निष्कर्ष पुढे आले. एका गटाला साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले होते. दुसऱ्या गटाच्या साधनाला उत्तर न सांगता इशारे देण्याची सूचना होती; त्यात प्रत्येक उदाहरणाची शिक्षकांनी दिलेली उकल आणि मुलांच्या नेहमीच्या चुका आधीच घातलेल्या होत्या. तिसरा गट वही-पुस्तकावर होता. सरावात तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्याचे गुण ४८ टक्के आणि दुसऱ्याचे १२७ टक्के अधिक होते. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिल्या गटाचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्या गटाचे असे नुकसान झाले नाही, तसा फायदाही परीक्षेत उरला नाही. आपण कमी शिकलो असे पहिल्या गटातील मुलांना वाटत नव्हते, ही आमच्या मते त्यातील सर्वांत काळजीची गोष्ट.

दोन्ही गटांचे यंत्र मुळात एकच होते. फरक शिक्षकांनी लिहून दिलेल्या मजकुराचा. म्हणून यंत्राला ‘हे उदाहरण सोडव’ असे न म्हणता, ‘उत्तर सांगू नकोस, एका वेळी एकच इशारा दे, आणि या इयत्तेतली मुले अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश, छेदात छेद मिळवतात हे लक्षात ठेव’ असे सांगावे. चुकांची ही यादी यंत्राकडे नसते, ती वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्याकडे असते. शिक्षकाच्या स्वतःच्या तयारीसाठी तर यंत्र चांगलेच उपयोगी पडते: एकाच धड्यावर सोपे-कठीण असे वीस प्रश्न काढणे, बहुपर्यायी प्रश्नांत फसवे पर्याय सुचवणे, एकच उतारा दोन पातळ्यांवर लिहिणे. त्यातले निम्मे टाकून द्यावे लागते, पण उरलेल्या निम्म्यानेही संध्याकाळ वाचते. विद्यार्थ्यांची नावे, गुण, घरची परिस्थिती मात्र यंत्राला कधीही सांगू नये. युनेस्कोने २०२३ सालच्या मार्गदर्शिकेत वर्गात ही साधने मुलांच्या हाती देण्यासाठी किमान तेरा वर्षे वय सुचवले आहे, तेही ध्यानात ठेवावे.

मुलाने निबंध स्वतः लिहिला की यंत्राकडून लिहवून घेतला, हे सांगणारे दुसरे यंत्र मिळते का, अशी विचारणा हमखास होते. त्यावर विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असे एक साधन काढले होते आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. निरपराध मुलावर चोरीचा आळ येणे ही वर्गातली लहान गोष्ट नाही. त्यापेक्षा निबंधाचा कच्चा खर्डा मागावा, आणि दोन मिनिटे समोर बसवून ‘हे वाक्य का घातलेस?’ असे विचारावे.

उरला तो आमचा आवडता उपक्रम. मुलांना मोठा माहीत असलेला विषय द्यावा: आपले गाव, गावची जत्रा, जवळची नदी, शिवारातले पीक. यंत्राकडून त्यावर मराठीत दोनशे शब्द लिहवून घ्यावेत, एक प्रत काढावी आणि गटागटाने तांबड्या पेन्सिलीने तपासायला द्यावी. यंत्राने वाचलेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा, आणि लहान गावाविषयीचा तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे शोभणारे पण खोटे असे तेथे भरपूर सापडते. प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी तीनपैकी एक खूण करावी: खरे, खोटे, आणि तपासायला हवे. तिसऱ्या खुणेच्या वाक्यांची यादी घेऊन मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडे, ग्रामपंचायतीत, वाचनालयात जावे. पुढच्या तासिकेला यादी वाचून दाखवायची, आणि ‘कोणाला विचारलेस?’ हे प्रत्येकाने सांगायचे.