घरात दोष निघाला, आता भाव कसा ठरवायचा?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात जुने घर घेताना बहुतेकांचे लक्ष सातबारा, नकाशा आणि रस्त्यावर असते. इंजिनीअरच्या तपासणीत पायाचा किंवा स्लॅबचा दोष निघाला की मात्र गोंधळ उडतो. त्यामागचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : बँकेने कर्ज दिले, म्हणजे घर मजबूत.
वस्तुस्थिती : बँकेचा मूल्यांकनकार मुख्यतः तारणाची किंमत ठरवतो. मजबुतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनीअर वेगळा लागतो. तो रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक अशा चाचण्यांनी काँक्रीटचा दर्जा तपासतो.

गैरसमज : भेग दिसली की सौदा मोडावा.
वस्तुस्थिती : प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुधा किरकोळ असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायरीसारखी तिरपी गेलेली भेग पाया खचल्याची खूण असू शकते. कन्हारसारखी चिकण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून पूर्वी धानाच्या बांध्या असलेल्या जागेवरचे घर घेताना पाया आवर्जून तपासावा. बीमच्या लांबीने जाणारी, गंजाचे डाग असलेली भेगही गंभीर. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते.

गैरसमज : इसार दिला, आता भावाची बोलणी संपली.
वस्तुस्थिती : दोघांची संमती असेल तर खरेदीखतापर्यंत किंमत लेखी बदलता येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साध्या दक्षतेने न दिसणारा मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो जाणून लपवणे कायदा फसवणूक मानतो. तरीही ‘तपासणीत मोठा दोष निघाल्यास किंमत नव्याने ठरेल किंवा इसार परत मिळेल’ ही अट इसारपत्रातच लिहून घ्या.

गैरसमज : ‘दोन-तीन लाख कमी करा’ म्हटले की झाले.
वस्तुस्थिती : मोघम मागणीला मोघम नकार मिळतो. इंजिनीअरच्या अहवालावरून कामनिहाय अंदाजपत्रक करून घ्या आणि तेच विक्रेत्यापुढे ठेवा. दुरुस्तीच्या काळातले घरभाडेही त्यात धरा. विक्रेत्याने दुरुस्ती करून देणे हाही पर्याय आहे. मात्र काम झाल्यावर इंजिनीअरकडून पुन्हा तपासून घ्यावे.

गैरसमज : भाव उतरला की मुद्रांक शुल्कही उतरते.
वस्तुस्थिती : शुल्क खरेदीखतातली किंमत आणि रेडीरेकनरनुसारचे मूल्य यांपैकी जास्त रकमेवर लागते. बोलणी करतानाच हा हिशेब मांडा.

गैरसमज : नव्या फ्लॅटचा ताबा दिला की बिल्डर मोकळा.
वस्तुस्थिती : रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जुन्या घराच्या खाजगी विक्रेत्याला ही तरतूद लागू नाही.

म्हणूनच जुने घर घेताना आधी तपासणी, मग भाव आणि शेवटी इसार, हा क्रम मोडू नका. आयुष्यभराची कमाई ज्या भिंतींत घालायची, त्या आधी तपासून घेणे हा तुमचा हक्क आहे.